पोळा ते होळी पोराचं नाक वाहतं. गावात राहून काय करावं?

वावरमाय | १८ जानेवारी

नमस्कार. वाचते बरेच दिवसांपासून, लिहिते पहिल्यांदाच. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून थोडं आत राहतो. सात एकर वावर. पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), तूर आणि थोडं सोयाबीन. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत.

तीन वर्षं झाली, एकच रडगाणं. पोळा झाला की याचं नाक सुरू होतं ते होळीपर्यंत. सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, नाकातून पाणी, ताप मात्र नाही. तळहाताने नाक खालून वर असं घासतो की नाकावर आडवी रेघच उमटली आहे. डोळ्यांखाली काळं. शाळेत सर विचारतात, रात्री झोपत नाही का रे? झोपतो, पण तोंड उघडं टाकून, आणि घोरतो म्हाताऱ्यासारखा.

गावातल्या डॉक्टरांकडे दर पंधरा दिवसांनी एक सुई आणि लाल सिरप. तालुक्याला गेलो की वेगळं सिरप. या हिवाळ्यात अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. घरात सासूबाईंनी दही, केळी, पेरू, संत्री, माठाचं पाणी सगळं बंद केलं. माझं माहेर वरूडकडचं. संक्रांतीला भाऊ संत्र्याची पेटी घेऊन आला, तर पोरगा दारामागे उभा राहून नुसता वास घेत होता. ते बघवलं नाही म्हणून हा धागा काढतेय.

नेटवर शोधलं तर म्हणे खिडक्या बंद ठेवा, एसी लावा. आमच्या घराला टिनं आहेत. भिंत आणि टिनाच्या मधून चिमणी आत येऊन घरटं करते. खिडकी बंद करून काय होणार? वावर आहे, गोठा आहे, चूल आहे. एवढं सगळं ठेवून काय करता येतं ते सांगा.

मोर्शीवाला | १८ जानेवारी

संत्र्याले कायले बदनाम करता बाप्पा! संत्र्यानं नाक वाहत असतं तं आमचा पुरा तालुका खांद्यावर रुमाल टाकून फिरला असता. द्या पोराले संत्रं, माह्या नावावर द्या.

भुलाबाई | १८ जानेवारी

आमच्याकडे पण हेच. मी रात्री हळद-दूध देते आणि ओवा-लसणाची धुरी देते. छाती मोकळी होते. सिरपपेक्षा हेच बरं.

तुराटी | १९ जानेवारी

ताई, एक इचारू? कापूस इकला का घरातच हाय? आन असंन तं कोन्या खोलीत?

काहून इचारतो सांगतो. माही पोरगी दोन वर्सं अशीच शिंकत होती. आंगाले खाज, रातभर खोकला. मी डॉक्टर-डॉक्टर करून रायलो होतो, आन थे कापसाच्या ढिगावर निजे. भाव वाढंन म्हनून आमी कापूस मार्चपर्यंत धरून ठेवला होता. जिनिंगवाल्यायची गाडी आली, कापूस गेला, आन आठ-दहा दिवसांत पोरगी अर्धी बरी. तवा डोकं चाललं.

वावरमाय | १९ जानेवारी

तुराटी दादा, तुमचं वाचलं आणि भाकरी तव्यावर टाकून आतल्या खोलीत गेले. वीसेक क्विंटल कापूस आहे, भिंतीपासून पार टिनाला लागलेला. याची गादी ढिगाला टेकून. बॅटरी लावली तर उजेडाच्या पट्ट्यात बारीक तंतू आणि धूळ नुसती तरंगत होती. मलाच दोन शिंका आल्या. शाळेतून आला की हा आधी त्या ढिगावर उडी मारतो. सगळीच पोरं मारतात, आम्हीही मारायचो.

भाकरी जळाली, ते वेगळं.

पळसपान | १९ जानेवारी

मी एमबीबीएस, वीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली, बरीचशी चंद्रपूर-गडचिरोलीकडे. इथे बसून मी तुमच्या मुलाला तपासू शकत नाही. पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की काही गोष्टी सांगते.

हे चित्र ॲलर्जीच्या सर्दीचं आहे. विषाणूची सर्दी सात ते दहा दिवसांत उतरते, सुरुवातीला ताप असतो, घरात एकाची दुसऱ्याला होते. ॲलर्जीत ताप नाही, पाण्यासारखं नाक, खाज, शिंकांची माळ, आणि महिनोनमहिने. नाकावरची ती आडवी रेघ आणि डोळ्यांखालचं काळं ही तर वर्गाच्या दारातून ओळखू येणारी खूण. हिच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. सुईत काय होतं ते विचारा. स्टिरॉइड असेल तर चार दिवस पोरगं खडखडीत दिसतं म्हणून लोक तीच मागतात, पण वाढत्या मुलाला ते पुन्हा पुन्हा टोचणं बरोबर नाही.

तुराटींचं म्हणणं योग्य आहे, पण पुरतं नाही. पोळ्याला कापूस घरात नसतो. म्हणजे गुन्हेगार एक नाही, पाळी लावून येणारे तीन-चार आहेत. भिंतीवर कालनिर्णय असेलच. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत शिंकांच्या मानाने एक, दोन किंवा तीन रेघा मारा आणि त्या दिवशी घरात-वावरात काय चाललं होतं ते एका शब्दात लिहा. चार-पाच हजारांच्या तपासण्यांआधी हे करा.

सिरपचं. लाल सिरपमध्ये बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असतं. पोरगं पेंगतं, आणि आई-बापाला वाटतं गुण आला. हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापा, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. २०२५ मध्ये छिंदवाड्यात काय झालं ते आपल्या भागात सगळ्यांना आठवत असेल. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, लेकरांच्या किडन्या गेल्या, कित्येकांना नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राने सांगितलं की खोकला-सर्दीची औषधं दोन वर्षांखाली देऊच नका आणि पाचच्या आत सहसा नको. मेडिकलवाल्याला ‘सर्दीचं काहीतरी द्या’ म्हणणं थांबवा, एवढंच.

सेटिरिझिन किंवा लोराटाडिन एकटं, मिश्रण नसलेलं, ॲलर्जीला चालतं. झोप कमी येते. सेटिरिझिन आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. मात्रा वयावर ठरते. मोजायला बाटलीचं झाकण वापरा, घरातला चमचा नको, कारण एका घरातले दोन चमचे सारखे नसतात. पण तुमच्या मुलासारखं महिनोनमहिने चालत असेल, झोप मोडत असेल, तर खरं औषध म्हणजे नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा, मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन. ‘स्टिरॉइड’ ऐकून घाबरू नका. सुईतलं सगळ्या अंगात फिरतं, हे नाकापुरतं राहतं. डॉक्टरांना दाखवून, लिहून घेऊनच आणा.

भुलाबाई, हळद-दूध द्या, काही बिघडत नाही. पण धुरी बंद करा. ज्याच्या श्वासनळ्या आधीच सुजल्या आहेत त्याला धूर देणं म्हणजे खरुजेवर तिखट.

भुलाबाई | १९ जानेवारी

आमच्या सात पिढ्या धुरीवर वाढल्या डॉक्टर.

पळसपान | २० जानेवारी

वाढल्या त्या दिसतात, ताई. ज्या वाढल्या नाहीत त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

सांबारवडी | २० जानेवारी

एक सांगायचं होतं. माझ्या मुलीला (६ वर्षं) मॉन्टेलुकास्ट आणि लिवोसेटिरिझिनचं एकत्र सिरप चार महिने दिलं. दुसऱ्या महिन्यापासून रात्री किंचाळत उठायची, दिवसा विनाकारण रडायची. आम्ही दृष्ट काढली, मीठ-मोहरी ओवाळली, सगळं केलं. नंतर अमरावतीच्या एका बालरोगतज्ज्ञांनी ऐकताक्षणी ते बंद केलं. आठवड्यात झोप परत आली. सगळ्यांना होत नाही, पण आम्हाला कोणीच आधी सांगितलं नव्हतं.

पळसपान | २० जानेवारी

बरं झालं लिहिलंत. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मॉन्टेलुकास्टवर चौकटीतला इशारा छापायला लावला तो याचसाठी: वाईट स्वप्नं, चिडचिड, वागण्यात बदल. नुसत्या सर्दीसाठी दुसरं काही चालत असेल तर हे देऊ नका असंच तिथे म्हटलंय. आपल्याकडे मात्र हे मिश्रण लिमलेटच्या गोळ्यांसारखं दिलं जातं.

नागपुरी_कावळा | २१ जानेवारी

आम्ही रक्ताची मोठी ॲलर्जी टेस्ट केली. साडेसात हजार. ४२ गोष्टी पॉझिटिव्ह आल्या, त्यात वांगं, गहू आणि झुरळ. झुरळ आम्ही तसंही खात नव्हतो. गहू बंद केला, पोरगा वाळला, शिंका होत्या तेवढ्याच.

पळसपान | २१ जानेवारी

रक्तात प्रतिपिंड दिसलं म्हणजे त्या वस्तूने त्रास होतोच असं नाही. लक्षणाशी मेळ बसला तरच अर्थ. खाण्याची ॲलर्जी असेल तर खाल्ल्यावर साधारण दोन तासांच्या आत गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. संत्रं खाल्ल्यावर असं कधी झालं नसेल तर संत्र्याचा या नाकाशी संबंध नाही. मोर्शीवाल्यांनी शास्त्रीयच सांगितलं होतं, फक्त आवाज मोठा होता.

वावरमाय | ६ फेब्रुवारी

थोडं लिहिते.

यांना म्हटलं कापूस हलवा. म्हणाले, कुठे टाकू, रस्त्यावर? बरोबरच आहे म्हणा. मग कापूस हलवता येत नाही तर पोरगा हलवला. त्याची गादी आता पुढच्या खोलीत. आतल्या खोलीचं दार बंद, खालच्या फटीत ओलं पोतं. ढिगावर उडी मारायची नाही म्हणून सांगितलं तर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडते आणि तेवढा वेळ त्याला अंगणात पाठवते. गोधड्या दर रविवारी कढत पाण्यात, मग दिवसभर उन्हात. गादी झोडपायची ती हा शाळेत असताना.

२ तारखेला तूर काढली. हडंबा, म्हणजे मळणीचं यंत्र, घरामागेच खळ्यावर लागला होता. कालनिर्णयवर त्या दिवशी तीन रेघा, दुसऱ्या दिवशीही तीन, आणि रात्री छातीत शिट्टीसारखा आवाज. असा आवाज पहिल्यांदाच ऐकला. घाबरले. सकाळी गाडी करून सेवाग्रामला नेलं.

तिथल्या मॅडमनी छाती तपासली. ॲलर्जीची सर्दी आणि सोबत दम्याची सुरुवात म्हणाल्या. नाकाचा फवारा रोज, आणि दम लागला तर घ्यायला सालब्युटामॉलचा पंप, प्लॅस्टिकच्या स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून. सासूबाईंना पंप दाखवला तर डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. ‘याची सवय लागते, आता जन्मभर हेच.’ पंपाची सवय लागते का हो?

पळसपान | ६ फेब्रुवारी

नाही लागत. पंपातलं औषध सिरपच्या कितीतरी कमी असतं आणि थेट फुफ्फुसात जातं. चष्मा लावल्याने डोळे बिघडत नाहीत तसंच हे. पण एक ध्यानात ठेवा: हा सालब्युटामॉलचा निळा पंप वरचेवर लागायला लागला तर सेवाग्रामला परत जा. मग सूज उतरवणारा दुसरा पंप रोजचा द्यावा लागतो. निळ्यावरच ढकलत राहू नका.

स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवा आणि न पुसता हवेवर वाळू द्या. पुसलं की स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. प्रवासात स्पेसर विसरला तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून पंप घट्ट बसवा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायला लावा. जुगाड वाटेल, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांच्या उपचारांच्या पुस्तकातही ही बाटली आहे.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जातेय, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर झालेत, शांत बसला असताना श्वास मिनिटाला ३० च्या वर जातोय (एक ते पाच वर्षांच्या लेकराचा ४० च्या वर): पंप देत देत १०८ ला फोन. सकाळची वाट बघायची नाही.

तुराटी | ७ फेब्रुवारी

फवारा मारायचा कसा थे बी सांगा कोनी. आमच्या पोरीचं मारलं का निम्मं घशात, अन् नाकातून रगत.

सांबारवडी | ७ फेब्रुवारी

आम्हालाही यायचं रक्त. मग शिकवलं: आधी नाक शिंकरून घ्यायचं, बाटली हलवायची, मान थोडी खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. बाटलीचं तोंड बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर मारलं की रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, ओढलं की घशात जातं. आणि दोन दिवसांत गुण नाही म्हणून फेकून देऊ नका, पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

आधी मिठाचं पाणी घातलं तर अजून बरं. पेलाभर पाणी उकळून गार करायचं, त्यात पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ, ड्रॉपरने चार-चार थेंब. रोज ताजं. मेडिकलमध्ये नाक मोकळं करायचे जे झटपट थेंब मिळतात ते तीन-चार दिवसांपुढे नकोत. नंतर नाक उलट जास्त चोंदतं, माझ्या नवऱ्याचं दोन वर्षं चोंदलं होतं.

आंबाडी | १२ मार्च

हा धागा वर आणते, कारण ऊन वाढलंय आणि कोणी डोळ्यांबद्दल बोललं नाही.

माझा भाचा, अकोला जिल्हा, नऊ वर्षांचा. दर उन्हाळ्यात डोळे लाल, खाज इतकी की मुठीने चोळायचा. सकाळी डोळ्यांतून दोरीसारखा चिकट पांढरा तार निघायचा. मेडिकलमधून एक थेंबांची बाटली आणली, दुसऱ्या दिवशी डोळा पांढराशुभ्र. मग काय, दर उन्हाळ्यात तीच. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. तिसऱ्या वर्षी शाळेच्या तपासणीत कमी दिसतं म्हणून नागपूरला नेलं. बाटलीत स्टिरॉइड होतं. डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू झाला होता. जे गेलं ते परत येत नाही म्हणाले.

लाल डोळ्याला कोणताही थेंब घालण्याआधी डोळ्याच्या डॉक्टरांना विचारा. आणि चोळू देऊ नका, वर्षानुवर्षं चोळून बुबुळ पातळ होतं आणि शंकूसारखं पुढे येतं. माठाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं डोळ्यांवर ठेवलं की खाज पुष्कळ शमते. आता टोपी, गॉगल आणि फडकं. गॉगल घातला की पोरं हिरो म्हणून चिडवतात, त्यामुळे तो आवडीने घालतो.

वावरमाय | ९ एप्रिल

आंबाडीताई, वाचून पोटात कालवलं.

आमच्याकडे कापूस फेब्रुवारीच्या शेवटी गेला. मार्चभर कालनिर्णय जवळजवळ कोरं. आणि मग ४ एप्रिलला एकदम तीन रेघा! वावरात काहीच नाही, खळं रिकामं. संध्याकाळी ध्यानात आलं, त्या दिवशी यांनी माळ्यावरून कूलर काढून तसाच सुरू केला होता. वाळ्याच्या ताट्या मागच्या वर्षीच्याच, ओल्याच बांधून ठेवलेल्या. सोडवल्या तर आतून काळी बुरशी. टाकी घासली, ताट्या नवीन आणल्या, आता दर दोन-तीन दिवसांनी पाणी काढून टाकतो. दोन दिवसांत नाक शांत.

हे मला कुठल्या तपासणीत कळलं असतं?

खडू_फळा | २२ ऑगस्ट

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पोळ्यापासून सुरू होतं म्हणता ना, मग शाळेचं मैदान बघा. पाऊस झाला की गाजर गवत कमरेएवढं होतं आणि पोळ्याच्या सुमाराला पांढरं फुलतं. १९५५ च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं हे गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. त्याला काँग्रेस गवत असंही नाव आहे. फुलातले परागकण नाकात, आणि पानाला हात लागला तर कातडीवर चट्टे.

१६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह असतो. आम्ही यंदा फुलायच्या आधीच पालकांकडून उपटून घेतलं. मुलांना हात लावू दिला नाही. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला दुपट्टा. फूल येण्याआधी उपटलं तर खड्ड्यात टाकून खत होतं. फूल आल्यावर उपटाल तर बी आपल्याच हाताने पेराल. मेक्सिकन भुंगेही मिळतात, ते याच गवताची पानं खातात. कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. पण भुंगा सरपंचासारखा आहे, त्याच्या वेळेने काम करतो.

वावरमाय | २३ ऑगस्ट

सर, आमच्या शाळेच्या संडासामागे डोक्याएवढं आहे. सोमवारी ग्रामपंचायतीत जाते.

फवारा यंदा पोळ्याच्या दोन आठवडे आधीच सुरू करायला मॅडमनी सांगितलंय. केला.

वावरमाय | १९ नोव्हेंबर

बरेच जण विचारत होते म्हणून.

गवत निम्मं निघालं. संडासामागचं निघालं, रस्त्याकडचं तसंच. सोयाबीन काढायच्या दोन दिवसांसाठी पोराला दिग्रसला मावशीकडे पाठवलं. हडंबा बघायला मिळाला नाही म्हणून जाताना भोकाड. कुटार (मळणीतला भुसा) या वेळी घरामागे न टाकता वावरातच ताडपत्रीखाली ठेवलं. बैलांना आणायला लांब पडतं, यांची कुरकुर चालू आहे. चूल बाहेरच्या पडवीत नेली, तुराट्या-पऱ्हाट्या तिथेच जळतात. गॅस फक्त चहाला, सिलिंडर परवडत नाही.

पोळ्यापासून आजपर्यंत तीन रेघांचे दिवस चार. पंप दोनदा. मागच्या वर्षी मोजलं नव्हतं, पण चार नव्हते हे नक्की. नाकावरची रेघ अजून आहे, फिकट झाली आहे. कापूस पुन्हा आतल्या खोलीत आहे, दार बंद आहे, आणि परवा पोराच्या केसांत सरकी सापडली. म्हणजे उड्या चालू आहेत.

सासूबाईंनी दह्यावरची बंदी उठवली. संत्र्याचं मात्र ऐकत नव्हत्या. आज सकाळी दप्तर झटकलं तर तळाशी संत्र्याच्या साली. कोणी दिलं विचारलं, तर हा आजीकडे बघतो. आजी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मोर्शीवाला | १९ नोव्हेंबर

आंबिया बहाराचं संत्रं असंन. मृग बहाराचं फेब्रुवारीत येते, पेटी पाठवतो. आजीच्या नावानं पाठवू का पोराच्या?